आउटडोअरची अंघोळ

३० मे २०२४ ची दुपार आठवते? रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या शेतात बसवलेल्या हवामान खात्याच्या स्वयंचलित केंद्राने त्या दिवशी चक्क ५६ अंश तापमान दाखवलं होतं. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूरने ५२.९ चा आकडा दाखवून भाव खाल्ला होता, आणि चोवीस तासांत नागपूरने तो हिसकावून घेतला! मोबाइलवर मेसेजचा पाऊस पडला. पुण्या-मुंबईच्या मित्रांचे "जिवंत आहेस ना बे?" असे फोन आले. मग खात्याने पडताळणी केली, सेन्सर बिघडला असल्याचं सांगितलं आणि शहरातल्या बाकीच्या केंद्रांवर पारा ४४ च्या आसपासच असल्याचं स्पष्ट केलं. यावर अस्सल नागपुरी प्रतिक्रिया काय असणार? "हॅ! फक्त चव्वेचाळीस?"

तर मंडळी, चव्वेचाळीसला 'फक्त' म्हणणाऱ्या या शहरात तुमच्या बेडरूमच्या भिंतीबाहेर एक पांढरा डबा दिवसरात्र घरघरत असतो. त्याला आपण आउटडोअर म्हणतो आणि विसरतो. घरातल्या गुळगुळीत इनडोअर युनिटचं कोण कौतुक! त्याचे फिल्टर धुतो, पुसतो, रिमोटला प्लास्टिकचं कव्हर घालतो. बाहेरच्या डब्याकडे मात्र एसी बंद पडेपर्यंत ढुंकूनही बघत नाही.

गंमत म्हणजे हेच आपण कूलरच्या बाबतीत कधी केलं नाही. मार्च लागला की नागपुरात कूलर काढणं हा जवळपास सणच असतो. टाकी घासायची, गंजलेल्या तळाला डांबर लावायचं, जुन्या ताट्या फेकून वाळ्याच्या नव्या ताट्या आणायच्या, मोटर फिरते की नुसती गुणगुणते ते बघायचं. महाल असो की धरमपेठ, घरातल्या बारावीतल्या पोरालाही कूलरचा पंप उघडता येतो. मग बेसा-मनीषनगरकडे फ्लॅट झाले, मिहानमध्ये नोकऱ्या आल्या, ईएमआयवर दीड टनाचा स्प्लिट आला, आणि तेच पोरगं एसीसमोर हात बांधून उभं राहिलं. एसी म्हणजे काहीतरी लय टेक्निकल, त्याला हात लावायचा नसतो, फोन करून माणूस बोलवायचा. काही बाबतीत हे खरंही आहे, ते पुढे सांगतोच. पण बाहेरच्या डब्याची धूळ काढायला इंजिनीअरिंगची डिग्री लागत नाही. ज्याने कूलर धुतला आहे त्याला हे जमतं. गेली चार वर्षं मी माझ्या बाल्कनीतल्या युनिटची अंघोळ स्वतःच घालतो आहे.

हमालाच्या नाकात बोळा

आधी जरा फंडा क्लिअर करू. एसी खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. हमालच म्हणा ना. आतल्या कॉइलमध्ये गॅस उष्णता शोषतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून आणखी गरम करतो आणि बाहेरच्या कॉइलमध्ये ढकलतो. तिथे पंखा मागून आणि बाजूने हवा ओढतो, ती कॉइलमधून जाते आणि पुढच्या जाळीतून गरम होऊन बाहेर पडते. गॅस थंड होऊन त्याचा द्रव होतो आणि पुन्हा आत जातो. आउटडोअरच्या मागे वाकून पाहिलंत तर अॅल्युमिनियमच्या कागदासारख्या पातळ, उभ्या पात्यांची भिंत दिसेल. मेकॅनिक मंडळी तिला सरळ 'कॉइल' म्हणतात. सारा खेळ या पात्यांमधल्या फटींचा आहे. फटी मोकळ्या तर हमाल खूश. फटी बुजल्या की त्याच्या नाकात बोळा.

आता नागपूरची भानगड बघा. एसीवरच्या स्टिकरवर जी क्षमता लिहिलेली असते, ती मोजताना प्रमाण चाचणीत बाहेरचं तापमान ३५ अंश धरलेलं असतं. पस्तीस! आपल्याकडे ते मार्चमध्येच पार होतं. उष्णता गरमाकडून थंडाकडे जाते हे आपण सातवीत शिकलो. म्हणजे बाहेर ४५ असेल तर कॉइलमधला गॅस त्याहून बराच गरम, साठीच्या घरात असावा लागतो. तरच तो आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊ शकतो. त्यात कॉइल धुळीने भरलेली असेल तर हवा कमी मिळते, तापमान आणि दाब आणखी चढतात. कॉम्प्रेसर जास्त वीज ओढतो, शेवटी स्वतःला वाचवण्यासाठी ट्रिप होतो. आणि हे सगळं नेमकं दुपारी अडीच वाजता, तुमचा क्लायंट कॉल चालू असताना.

नव्या गॅसांना तर या बाबतीत जागाही कमी आहे. जुन्या एसीतल्या आर-२२ चा ९६ अंशांपर्यंत दाबाखाली द्रव होऊ शकायचा. त्याच्यामुळे ओझोनचा थर विरतो म्हणून तो हद्दपार होत गेला. आर-४१०ए ची ही मर्यादा ७२ च्या आसपास आहे, तर आता बऱ्याच नव्या एसीत येणाऱ्या आर-३२ ची ७८. या मर्यादेच्या जितकं जवळ जाल तितकं काम कठीण. बाहेर ४५ असताना साठीत चालणाऱ्या यंत्राला धुळीची गोधडी पांघरली तर त्याने करायचं काय?

आणि धूळ आपल्याकडे काय कमी आहे? रस्ते सिमेंटचे होत आहेत, उड्डाणपूल उठत आहेत, प्रत्येक लेआउटमध्ये एक तरी बांधकाम चालू. उत्तरेकडच्या वस्त्यांना कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख. एप्रिल-मेमध्ये काटेसावरीची बोंडं फुटली की कापूस उडतो आणि थेट कॉइलवर जाऊन बसतो. या कापसाचा प्रॉब्लेम असा की तो जाळं विणतो. मग त्यात धूळ अडकते, कबुतराची पिसं अडकतात, शेजारच्या फ्लॅटच्या पीओपीची पांढरी पूड अडकते, आणि दोन महिन्यांत कॉइलला छान मऊ करडा नमदा तयार होतो.

"भाऊ, गॅस कमी होऊन राहिला"

हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा एसीवाला नागपूरकर दाखवा! दुपारी थंड होत नाही म्हणून तुम्ही कुणाला तरी बोलावता. तो इनडोअरचा फिल्टर झटकतो, बाहेर डोकावतो, पाइपला हात लावतो आणि निदान करतो. गॅस भरायचे अडीच-तीन हजार. माझ्याकडे एका उन्हाळ्यात असा एक भाऊ आला होता. कॉइलवरची गोधडी त्याला दिसत होती, मलाही दिसत होती. पण त्याच्या बॅगेत ब्रश नव्हता, गॅसचा सिलिंडर होता.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. सगळी यंत्रणा सीलबंद असते. गॅस कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. आणि गळती न शोधता भरलेला गॅस म्हणजे पंक्चर न काढता चाकात हवा भरणं.

मग कसं ओळखायचं? गॅस खरंच कमी असेल तर एसी रात्रीही नीट थंड करत नाही. बाहेरच्या बारीक पाइपच्या नटाजवळ बर्फाचा पापुद्रा दिसू शकतो, सांध्यावर तेलकट डाग असू शकतो. याउलट एसी रात्री अकरानंतर आणि पहाटे झकास चालत असेल, आणि दुपारी बारा ते पाचच रडत असेल, अधूनमधून बंद होऊन अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होत असेल, तर पहिला संशय कॉइलवर घ्यावा. शंभर टक्के निदान हे नव्हे. पण कॉइल धुवायला एक बादली पाणी आणि रविवारची सकाळ लागते, आणि गॅस भरायला तीन हजार. आधी काय करून बघायचं ते तुम्हीच ठरवा. मेकॅनिक आलाच तर त्याला स्वच्छ सांगायचं, "दादा, आधी कॉइल धुवा. मग गेज लावून प्रेशर दाखवा." चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही. उलट आमचे इतवारीतले आताचे एसीवाले भाऊ तर खूश होतात, "तुम्ही अर्धं काम करून ठेवलं जी!"

कुणी करायचं, कुणी नाही

इथे मी जरा कडक होणार आहे.

तुमचं आउटडोअर गच्चीवर, बाल्कनीत किंवा अंगणात जमिनीवर ठेवलेलं असेल, तर पुढे वाचा. ते भिंतीला ब्रॅकेटवर बाहेर लटकलेलं असेल आणि तिथे पोहोचायला खिडकीतून वाकावं लागत असेल, छज्जावर उतरावं लागत असेल, तर हे काम तुमचं नाही. मग तुम्ही पहिल्या मजल्यावर राहत असा की अकराव्या. "मित्र कमरेला धरून ठेवतो" हा सेफ्टी बेल्ट नव्हे. माझा नियम सोपा आहे: जिथे उभं राहून आई निवांत कपडे वाळत घालते, तिथे दोन्ही पाय टेकवून हात पोहोचत असेल तरच. आणि जो माणूस तुमच्यासाठी छज्जावर उतरतो, त्याला आधी बेल्ट आहे का विचारा. बेल्ट नसेल तर चारशे रुपये कमी करा म्हणून घासाघीस करण्याऐवजी बेल्टवाला माणूस शोधा. हे लोकही कुणाच्या तरी घरची मुलं आहेत.

ब्रॅकेटचं तर वेगळंच टेन्शन. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या करोलबागेत वरच्या मजल्यावरून एसीचं आउटडोअर खाली पडलं आणि स्कूटरवर बसलेला अठरा वर्षांचा मुलगा गेला. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला, सगळे हळहळले. त्यानंतर किती जणांनी आपल्या घराबाहेरचे नटबोल्ट पाहिले असतील? एका आउटडोअरचं वजन सहज पंचवीस-तीस किलो असतं, कॉम्प्रेसर चोवीस तास थरथरत असतो आणि पावसाळ्यात ब्रॅकेट गंजतं. तुम्हाला हात पोहोचत नसला तरी मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघता येतं. लालसर गंज ओघळलेला दिसला, युनिट एका बाजूला झुकलेलं दिसलं, तर सर्व्हिसवाल्याला त्याच आठवड्यात बोलवा.

अजून एक. तुमच्या युनिटवर आर-२९० लिहिलं असेल तर त्यात प्रोपेन आहे, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. आर-३२ सुद्धा थोडा ज्वालाग्राही आहेच. बाहेरून धूळ झाडायला याने काही बिघडत नाही, पण पाइप, व्हॉल्व्ह, नट यांना हात लावायचा नाही. आणि शेजारी उभं राहून सिगरेट ओढत देखरेख करणाऱ्या मित्राला आत पाठवा.

रविवार सकाळ, सात वाजता

वेळ महत्त्वाची. मेमध्ये नऊनंतर गच्चीवर जाल तर एसीआधी तुम्हीच ट्रिप व्हाल.

सामान घरातलंच. रंगकामाचा तीन-चार इंची मऊ ब्रश, नवाकोरा. जुन्या ब्रशमध्ये वाळलेला रंग असतो, तो पात्या वाकवतो. बागेचा पाइप किंवा कुंड्यांना फवारायचा हातपंप. रबरी हातमोजे, कारण या पात्या ब्लेडसारख्या धारदार असतात. तोंडाला मास्क. रबरी चप्पल. आणि शाम्पूचा एक पुडा. हो, शाम्पू! त्याचं पुढे सांगतो.

सगळ्यात पहिलं काम विजेचं. रिमोटने बंद करणं म्हणजे बंद नव्हे. भिंतीवरचा स्विच म्हणजेही पूर्ण बंद नव्हे. मुख्य बोर्डातला एसीचा एमसीबी खाली पाडा आणि त्यावर चिकटपट्टी लावून लिहा, 'हात लावू नये'. घरात बाबा असतील तर तोंडीही सांगा, कारण "हा कावून बंद आहे?" म्हणत एमसीबी वर करणारा प्रत्येक घरात एक असतोच. यानंतर दहा मिनिटं थांबा. चहा प्या. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते, इन्व्हर्टर एसीत तर जास्तच. बाजारात त्यालाच 'कंडेन्सर' म्हणतात आणि पुस्तकात कंडेन्सर म्हणजे आपली ही बाहेरची कॉइल, त्यामुळे फोनवर बोलताना जाम घोळ होतो! नाव काहीही असो, ज्या बाजूला पाइप आणि वायरी आत जातात तिकडचं झाकण उघडायचं नाही. तिथे धुण्यासारखं काहीच नसतं.

आता टॉर्च घेऊन मागे बघा. पहिल्यांदा बघताना थोडं शरमल्यासारखं होतं, सवय होते. पानं, पिसं, पॉलिथीनचे तुकडे हाताने काढा. कबुतराचं घरटं असेल आणि त्यात अंडी असतील तर, भावांनो, थोडी कळ काढा. अंडी उबायला अडीच आठवडे, पिल्लं उडायला आणखी महिनाभर. म्हणून तर हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, घरटं होण्याआधी करावं. रिकामं घरटं काढताना मात्र मास्क हवाच. कबुतराच्या विष्ठेची कोरडी धूळ फुप्फुसांना फार वाईट. आधी पाणी शिंपडून ओली करा, मग उचला.

कॉइलच्या बाबतीत याच्या बरोब्बर उलट. आधी कोरडं, मग ओलं. बहुतेक लोक सरळ पाइप सोडतात आणि तिथेच गणित चुकतं, कारण धुळीच्या थरावर पाणी पडलं की चिखल होतो आणि तो फटींत जाऊन बसतो. वाळला की विटेसारखा. म्हणून आधी कोरड्या ब्रशने, पात्या ज्या दिशेने उभ्या आहेत त्याच दिशेने, वरून खाली, हलक्या हाताने. आडवा हात मारायचा नाही. घरी व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याचा ब्रशवाला तोटा लावा, कापसाचा नमदा पापडासारखा उचलून निघतो. मला विचाराल तर अर्ध्याहून जास्त काम इथेच होतं. वेळ नसेल तर इथे थांबलात तरी चालेल.

मग पाणी. आउटडोअर पावसात उभं राहण्यासाठीच बनवलेलं असतं, त्यामुळे वरून पडणाऱ्या पाण्याची भीती नको. भीती जोराच्या धारेची. गाड्या धुवायचा जेट वॉशर जवळून मारला तर पात्या एका क्षणात आडव्या होतात आणि फटी कायमच्या बंद. सर्व्हिसवाले 'जेट पंप' वापरतात हे खरं, पण त्यांना अंतर आणि कोन कळतो. आपण पाइपला अंगठा न दाबता साधं पाणी सोडायचं, वरून खाली, पात्यांच्या सरळ रेषेत, वायरींच्या बाजूपासून लांब. खाली आधी काळं पाणी येईल, मग चहाच्या रंगाचं, मग स्वच्छ. युनिटच्या तळाला छोटी भोकं असतात, ती पानांनी बुजली असतील तर अगरबत्तीच्या काडीने मोकळी करा. आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधी आवाज द्या. त्यांचे पापड वाळत असतील तर तुमची शामत!

तेलकट चिकटा असेल, म्हणजे आउटडोअर स्वयंपाकघराच्या एग्झॉस्टजवळ असेल, तर बादलीभर पाण्यात शाम्पूचा पुडा घालून फवारायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. बस्स. काही जण बाथरूम क्लीनर, टॉयलेटचं अॅसिड, नाही तर कॉस्टिक वापरतात. फेस मस्त येतो, कॉइल चकाकते आणि व्हिडिओ सही दिसतो. पण अॅल्युमिनियम आम्लातही विरघळतं आणि कॉस्टिकमध्येही. तो फेस म्हणजे तुमच्याच पात्या वाहून चालल्या आहेत.

काही जाणकार सांगतील की खरी धुलाई वरचं झाकण काढून, आतून बाहेर केली पाहिजे, म्हणजे घाण आली त्याच वाटेने परत जाते. अगदी बरोबर आहे. पण झाकण काढलं की पंखा आणि वायरी उघड्या पडतात, वॉरंटीचाही प्रश्न येतो. म्हणून मी झाकणाला हात लावत नाही. वर्षातून एकदा मार्चमध्ये आमचे भाऊ उघडून धुतात आणि उन्हाळाभर दर महिन्याला मी बाहेरून घासतो. ही वाटणी आम्हा दोघांनाही पटली आहे.

धुऊन झालं की वाळू द्या. पुस्तकात तासभर लिहिलेलं असतं. नागपूरच्या मेमध्ये पाइप गुंडाळेपर्यंत सगळं खडखडीत होतं, तरी मी अर्धा तास थांबतो. मग एमसीबी वर. एसी लगेच थंड हवा देणार नाही, कॉम्प्रेसर दोन-तीन मिनिटांनी लागतो, घाबरू नका.

बारदान, ग्रीन नेट आणि बंद बाल्कनी

आपल्या गावात जुगाडाला कमी नाही. आउटडोअरवर ओलं बारदान टाकणारे मी पाहिलेत. कूलरची ताटी मागे बांधून तिच्यावर पाणी सोडणारेही पाहिलेत. कल्पना डोक्यातून येते ती बरोबरच असते. आपली हवा मेमध्ये इतकी कोरडी असते की ओल्या ताटीतून गेलेली हवा चांगलीच थंड होते, त्यावरच तर सगळं शहर इतकी वर्षं झोपलं. पण बारदान हवा अडवतं. आणि बोअरवेलचं जड पाणी तापलेल्या कॉइलवर रोज उडत राहिलं की क्षाराचा पांढरा थर बसतो, तोच जो तुमच्या गिझरमध्ये आणि कूलरच्या टाकीत बसतो. धूळ ब्रशने निघते. हा थर निघत नाही. धुतानासुद्धा शेवटची बादली नळाच्या पाण्याची घ्यावी ती याचसाठी.

सावली मात्र जरूर करा. गच्चीवर हिरवी नेट बांधतोच आपण, ती युनिटच्या वर दोन-तीन फूट उंच असू द्या. मागून हवा यायला किमान वीतभर जागा आणि पुढे गरम हवा जायला मोकळं मैदान हवं. पाऊस-धुळीपासून वाचवायला म्हणून चालू युनिटला प्लास्टिकचं कव्हर घालणारे लोक आहेत. त्यांच्याबद्दल काय बोलावं!

आणि सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे बंद केलेली बाल्कनी. फ्लॅट घेतला की पहिलं काम काय, तर बाल्कनीला अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग काचा. एक खोली वाढते खरी, पण आउटडोअर आत राहतं. मग ते स्वतःचीच फेकलेली गरम हवा पुन्हा ओढतं, ती आणखी गरम करून फेकतं, पुन्हा ओढतं. अशा बाल्कनीत दुपारी जाऊन बघा, भट्टी असते. कॉइल आरशासारखी चमकत असली तरी तिथे काही होणार नाही. काचा पूर्ण उघडा, नाही तर युनिट बाहेर हलवा. नव्या टॉवरमध्ये एका शाफ्टमध्ये एकावर एक सात-आठ युनिटं लावतात. तिथे खालच्यांची गरम हवा वर चढते आणि सातव्या मजल्यावरचा बिचारा कंपनीला फोन करत बसतो. फ्लॅट बुक करताना मॉड्युलर किचन बघतो तसं हेही बघावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

फरक पडला की नाही?

थंड वाटतंय, हे काही मोजमाप नाही. अंघोळ करून आल्यावर सगळंच थंड वाटतं. स्वयंपाकाचा किंवा मत्स्यटाकीचा डिजिटल थर्मामीटर घ्या. एसी पंधरा मिनिटं जोरात चालू द्या, मग इनडोअरच्या वरच्या बाजूला, जिथून हवा आत जाते तिथलं तापमान घ्या, आणि खाली झडपेतून येणाऱ्या हवेचं घ्या. दोन्हींत आठ ते बारा अंशांचा फरक असेल तर यंत्र ठणठणीत. धुण्याआधी आणि नंतर, दोन्ही दिवशी साधारण त्याच वेळी मोजा, शक्यतो दुपारी तीनला, कारण सकाळी सातला नागपुरात कुठलाही एसी हुशार असतो. धुऊनही फरक पाच-सहाच्या वर जात नसेल, तर आता बोलवा मेकॅनिकला. आता 'गॅस' हा शब्द ऐकायला हरकत नाही. तुमच्याकडे आकडे आहेत हे कळलं की समोरचा माणूसही आकड्यांतच बोलतो, हा माझा अनुभव.

विजेच्या मीटरवरही लक्ष ठेवा. आपल्याकडे घरगुती दर टप्प्यांचे आहेत, तीनशे युनिटं ओलांडली की पुढचं प्रत्येक युनिट महाग पडतं. धुतलेल्या कॉइलने बिल अर्धं झालं वगैरे कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण कॉम्प्रेसर दुपारभर धापा टाकत राहण्याऐवजी मध्येमध्ये विसावतो, तो आवाजातला फरक तुम्हाला भिंतीपलीकडूनही कळतो. त्यात रिमोट १८ वर नेऊन ठेवायची खोड सोडली तर बातच न्यारी. १८ वर ठेवल्याने खोली लवकर थंड होत नाही, एसी जास्त वेळ धावतो एवढंच. २०२० पासून नव्या एसींचं तापमान कंपनीतून २४ वरच लावून येतं, ते उगाच नाही.

तारखांचं म्हणाल तर माझ्या फ्रिजवरच्या कॅलेंडरवर चार खुणा आहेत. फेब्रुवारीअखेरीस पहिली, कबुतरांच्या आधी. सावरीचा कापूस उडून गेला की दुसरी. तिसरी २५ मेच्या आत, म्हणजे नवतपा लागायच्या आधी. आणि चौथी ऑक्टोबरमध्ये, पावसाने आत वाहून आणलेला चिखल काढायला. त्याच दिवशी आमच्याकडे कूलरही रिकामा होऊन माळ्यावर जातो. हो, कूलर अजून आहे! हॉलमध्ये आई-बाबांना तोच लागतो. "वाळ्याच्या वासाशिवाय झोप येते का बे?" असं बाबांचं म्हणणं आहे.